वीस मणी

आमच्या तासगावकडे द्राक्षाच्या एकेका फळाला मणी म्हणतात. घडात किती मणी ठेवायचे, मण्याला फुगवण आली का, अवकाळी पावसानं मण्यांना चिरा गेल्या का, अशी सगळी भाषा. लहानपणी आप्पांच्या मागे बागेत फिरताना मला वाटायचं, कुणीतरी आधी माळा ओवल्या असणार आणि मग त्या वेलींना टांगल्या असणार. त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की तुमच्या डोळ्यातला जो थर सुजलाय त्याचं नावच लॅटिनमधल्या द्राक्षावरून आलंय, तेव्हा दुखत असतानाही मला हसू आलं. डोळ्याच्या रंगीत पडद्यापासून पार मागे दृष्टिपटलाच्या पाठीपर्यंत गेलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला हा थर. वरचं पांढरं कवच काढलं तर आत सोललेलं काळं द्राक्ष ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून युव्हिआ. तो सुजला की युव्हायटिस.

हे नाव कळायला मात्र तीन आठवडे लागले. जानेवारीचे दिवस होते. गावाकडे माल काढणीला आलेला आणि इकडे सांगलीत माझ्या टेबलावर नववीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे. डावा डोळा लाल झाला. शाळेतल्या प्रत्येकानं एकच निदान केलं, डोळे आलेत. कुणी गुलाबपाणी सांगितलं, कुणी गाईचं तूप, आणि आमच्या शिपाईमामांनी स्वतःचा काळा चष्मा काढून दिला. कॉलनीतल्या दवाखान्यातून थेंब आणले, ते दहा दिवस घातले. पण डोळे आले की सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात. मला तसलं काही नव्हतं. होता तो उजेडाचा त्रास. फळ्यावरचा ट्यूबलाइट सुईसारखा टोचायचा. मग समोर काळ्या माशा तरंगायला लागल्या, आणि एका सकाळी उजवा डोळा मिटला तर डाव्यातून सगळं जग ताकातून पाहिल्यासारखं दिसलं. त्या दिवशी मी गठ्ठे तसेच ठेवून मिरजेची गाडी धरली.

डॉक्टरांकडचं ते यंत्र आता मला पाठ झालंय. हनुवटी कपात, कपाळ पट्टीला, आणि बाजूनं एक बारीक पात्यासारखी प्रकाशाची तिरीप. कौलाच्या फटीतून घरात कवडसा पडला की एरवी न दिसणारी धूळ त्यात नाचताना दिसते, तेच तत्त्व. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी निवळशंख असायला हवं. माझ्या पाण्यात धूळ होती. ती धूळ म्हणजे माझ्याच पांढऱ्या पेशी. एक मिलिमीटर लांबीरुंदीच्या कवडशात किती दिसतात ते चक्क मोजतात. सोळा ते पंचवीस असल्या तर ‘टू प्लस’. मी टू प्लस होते. मागच्या भागातही सूज होती, दृष्टिपटलाला लागून.

मग तपासण्यांची रांग. छातीचा एक्स-रे, रक्ताच्या नाना चाचण्या, एचएलए-बी२७ नावाची जनुकीय तपासणी, आणि हातावर टोचून करतात ती मँटू. आपल्याकडे डोळ्याच्या या सुजेत क्षयरोगाची शंका आधी घ्यावी लागते. तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर चांगलं चौदा मिलिमीटरचं टणक गाठोडं उठलं होतं. मी घाबरले. डॉक्टर घाबरले नाहीत. “कधीतरी जंतू शरीरात येऊन गेलाय एवढंच हे सांगतं. आपल्याकडे खूप जणांचं येतं,” ते म्हणाले. पण म्हणून प्रश्न मिटला नाही, कारण शरीराचा प्रतिकार दाबणारं स्टिरॉइड सुरू करायचं आणि आत क्षय दडलेला असायचा, ही भीती त्यांनाही होती. छातीच्या डॉक्टरांचं मत घेतलं, स्कॅन झालं. काही सापडलं नाही. बाकी सगळे कागद निल. शेवटी फाइलवर शब्द आला, इडिओपॅथिक. मी विज्ञान शिकवते. ‘आम्हाला कारण माहीत नाही’ हे ग्रीकमधून सांगितलं की त्याचं निदान होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्यांनी घेतल्यात त्यांना सांगायला नको. चेहरा पुरीसारखा फुगतो, भूक दुष्काळातून आल्यासारखी लागते आणि झोप उडते. रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरातली फळी पुसत असायचे. अशाच एका रात्री अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तिकडे दुपार टळत आली होती. तो तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. काय करतो म्हणून कुणी विचारलं तर मी ‘उंदरांवर काहीतरी’ असं सांगून वेळ मारून न्यायचे. ताईनं त्याला माझं डोळ्याचं कळवलं होतं, पण नाव तिला सांगता आलं नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं.

“मावशी,” तो म्हणाला, “मी उंदरांना हाच आजार देतो.”

उंदराला ताप येतो, उंदीर मरतो, इथवर माझी मजल होती. उंदराला आजार ‘देतात’, आणि तोही मोजून मापून, हे नवीन होतं. मी फळी पुसायची थांबवली आणि म्हटलं, कसा देतोस ते सांग.

पुढच्या आठवड्यात त्यानं कॅमेऱ्यासमोर एक कुपी धरली. करंगळीच्या पेराएवढी. तळाला पांढरी भुकटी, रव्याच्या डब्यात शेवटी उरते तेवढी. हाच तो पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला ‘आयआरबीपी वन-टू-ट्वेंटी’ म्हणतात. आयआरबीपी हे डोळ्यातलं एक मोठं प्रथिन. दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि त्यांच्या मागचा काळपट पेशींचा थर यांच्यामधल्या बारीक फटीत ते असतं. काम हमालीचं. उजेड पडला की प्रकाशपेशीतल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या रेणूचा आकार बदलतो, तो मागच्या थरात नेऊन पूर्ववत करून घ्यावा लागतो आणि पुन्हा पुढे आणावा लागतो. या दोन घरांमध्ये हेलपाटे घालणारं ते हे प्रथिन. तुम्ही आत्ता हे वाचताय तेव्हा तुमच्याही डोळ्यात त्याची ये-जा चाललीये.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हजाराच्या वर मणी असलेल्या या प्रथिनाची सुरुवातीची फक्त वीस अमिनो आम्लं त्या कुपीत होती. मी त्याला ती म्हणायला लावली आणि गठ्ठ्यातल्या एका कोऱ्या पुरवणीवर लिहून घेतली. ग्लायसिन, प्रोलिन, थ्रिओनिन, हिस्टिडिन, ल्युसिन, फेनिलअ‍ॅलनिन, ग्लुटामिन, प्रोलिन, सेरिन, ल्युसिन, व्हॅलिन, ल्युसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, मेथिओनिन, अ‍ॅलनिन, लायसिन, व्हॅलिन, ल्युसिन, ल्युसिन, आणि शेवटी पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल. वीसपैकी पाच ल्युसिन. हा क्रम उंदराच्या प्रथिनातला नाही, माणसाच्या. उंदराचं प्रथिन आपल्याशी इतकं मिळतंजुळतं, की माणसाच्या डोळ्याचा तुकडा टोचून उंदराच्या डोळ्यात आग लावता येते. म्हणजे ती भुकटी, एका अर्थानं, माझीच होती.

ही गोष्ट इथवर यायला बराच काळ लागला. माणसाच्या बाबतीत ती लुई ब्रेलपासून सांगता येईल. पॅरिसजवळच्या कुव्रे गावात बाप खोगीर-पट्टे शिवायचा. तीन वर्षांचा लुई १८१२ मध्ये बापाच्या कारखान्यात अरीशी खेळत होता, ती डोळ्यात घुसली. फुटला एकच डोळा, पण पाच वर्षांचा होईतो दोन्ही गेले होते. संसर्ग पसरला असं जुन्या चरित्रांत असतं. पण एक डोळा फुटल्यावर न फुटलेला दुसराही सुजून जातो, हा आजार डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे आणि ब्रेलला तेच झालं असावं असं अनेक जण मानतात. फुटलेल्या डोळ्यातला ऐवज बाहेर सांडतो, शरीराचे पहारेकरी तो पहिल्यांदाच बघतात, परका समजतात, आणि मग तोच ऐवज असलेल्या दुसऱ्या घराचं दार फोडतात. १९१० साली प्राग शहरात एल्शनिग नावाच्या नेत्रतज्ज्ञानं असं काहीसं म्हणून ठेवलं होतं. पण परका समजलेला तो ऐवज नेमका कोणता, हे शोधायला माणसं नव्हे, गिनीपिग लागले. अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये वॅकर यांनी साठ-सत्तरच्या दशकांत दृष्टिपटलाचा अर्क टोचून गिनीपिगांचे डोळे सुजवले, आणि त्या अर्कातून एक प्रथिन वेगळं काढलं. त्याला नुसतं ‘एस-अँटिजेन’ म्हणत. विरघळतं म्हणून एस. कच्चा माल कत्तलखान्यातून, गुराढोरांचे डोळे. आयआरबीपीचं काम त्याच्या मागून सुरू झालं, आणि लहान उंदरांमध्ये, म्हणजे ‘माउस’मध्ये, हा आजार पहिल्यांदा १९८८ मध्ये घडवला तो अमेरिकेतल्याच बेथेस्डाच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या रेचल कास्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पहिल्या वीस मण्यांचा हा तुकडाही त्यांच्याच गटानं २००० साली दाखवून दिला.

आता कत्तलखान्यात जावं लागत नाही. ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये पेप्टाइड ओवायची एक युक्ती काढली, तिच्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. राळेच्या बारीक दाण्याला पहिलं अमिनो आम्ल चिकटवायचं, धुवायचं, पुढचं चिकटवायचं, धुवायचं. शेवटच्या मण्यापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत यायचं आणि मग माळ दाण्यावरून तोडून घ्यायची. हे ऐकल्यावर मला आमच्या आत्याची जपमाळ आठवली, तीही गाठ मारायची ती शेवटाकडून. भाचा म्हणाला, ऑर्डर टाकली की थोड्या आठवड्यांत कुपी टपालानं येते.

आता गंमत अशी, की ही कुपी नुसती टोचली तर काहीच होत नाही. उंदीर आपला खाऊन-पिऊन सुखी. आजार द्यायचा तर तिच्यासोबत दोन गोष्टी लागतात. पहिली ‘फ्रॉइंडचं कम्प्लीट अ‍ॅडज्युव्हंट’, म्हणजे खनिज तेल आणि त्यात उष्णतेनं मारून वाळवलेले क्षयाचे जंतू. हो, क्षयाचेच. मी माझ्या हाताकडे पाहिलं, गाठोडं बसलं होतं पण डाग शिल्लक होता. दुसरी गोष्ट डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष, अगदी थोडं, पोटात. आपल्या लेकरांना ज्या दोन रोगांच्या लशी तान्हेपणीच टोचतो त्यांचेच जंतू. मेलेल्या जंतूंची वर्दी लागली की शरीराला वाटतं घरात शत्रू शिरलाय, आणि त्या गडबडीत समोर जे जे दिसेल ते शत्रूच्या खात्यात जमा होतं. पेप्टाइड त्या वेळी तिथे हजर असतो, हाच त्याचा गुन्हा. येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये कबूल केलं होतं, की जंतूंची ही भेसळ म्हणजे आम्हा प्रतिकारशास्त्रवाल्यांचं झाकून ठेवलेलं गुपित आहे, ती का लागते हे आम्ही नीट विचारलंच नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आपलंच बिंग फोडून विचारणाऱ्यांबद्दल जास्त.

तेल आणि पाणी एकजीव करायचं काम फार चिकटपणाचं. भाचा दोन सिरिंजा तोंडाला तोंड जोडून मिश्रण इकडून तिकडे ढकलत बसतो, पार पांढरं घट्ट होईपर्यंत. झालं का ते कसं कळतं, मी विचारलं. म्हणाला, वाटीतल्या थंड पाण्यावर एक थेंब टाकायचा. पसरला नाही, गोळीसारखा तरंगत राहिला, की तयार. मी मोठ्यानं हसले. दहीवड्याची डाळ फेसून झाली का हे बघायला त्याची आजी अस्संच करायची. “आजीकडूनच आलंय असं समज,” तो म्हणाला.

मग ब्लॅक सिक्स जातीचा काळा उंदीर. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांत, कातडीखाली टोचतात. पेप्टाइडचं वजन जेमतेम मिठाच्या काही कणांएवढं. डोळ्याला कुणी हात लावत नाही. दहा-चौदा दिवस काहीच दिसत नाही. आणि मग, टोचल्या जागेपासून इतक्या लांब, दोन्ही डोळ्यांच्या तळाशी पांढरे पट्टे आणि ठिपके उमटायला लागतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात कळस. डोळ्याच्या तळाचे फोटो काढून शून्य ते चार असे गुण देतात. जातीचंही महत्त्व आहे. दुसऱ्या एका वंशाच्या उंदराला हा तुकडा देत नाहीत, त्याच्यासाठी त्याच प्रथिनातले १६१ ते १८० हे मणी निवडलेले आहेत, कारण पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या ज्या रेणूत धरून तुकडे दाखवतात त्या रेणूंचा साचा वंशागणिक वेगळा. माणसातलं एचएलए ते हेच. मग त्या तपासणीची दोन हजारांची पावती मला एकदाची कळली.

एक उपकथा त्यानं मध्येच सांगितली. २०१२ मध्ये लक्षात आलं, की पुरवठादारांकडून येणाऱ्या ब्लॅक सिक्सच्या एका पोटजातीत एक जनुकीय बिघाड आधीपासूनच आहे, आणि त्यानं डोळ्याच्या तळाशी ठिपके पडतात. म्हणजे कित्येकांनी आजार म्हणून मोजलेले डाग मुळात उंदराचे जन्मजात. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते एकदम सावरून बसले. त्यांनीही एकदा रोपवाटिकेतून हजारभर रोपं आणली होती, चौथ्या वर्षी घड धरल्यावर कळलं जात भलतीच. “मग काय केलं त्यांनी?” आप्पांनी विचारलं. आता आधी तपासून घेतात म्हटलं. “आता म्हंजे? आधी नगं तपासाय?”

पण मला हवं होतं ते उत्तर अजून मिळालं नव्हतं. पहारेकरी आपल्याच डोळ्याला ओळखत का नाहीत? कुंपण शेत का खातं?

शाळेत मी मुलांना शिकवते, की थायमस ही छातीतली ग्रंथी म्हणजे टी पेशींची, शरीराच्या पहारेकऱ्यांची, शाळा. तिथे त्यांना शरीरातल्या प्रथिनांचे नमुने दाखवतात. जी पेशी आपल्याच नमुन्यावर धावून जाते तिला तिथेच संपवतात. मुलांना हे फार आवडतं, नापास झाल्यावर थेट मृत्यू म्हटल्यावर वर्ग शांत बसतो. पण डोळ्यातलं प्रथिन छातीतल्या शाळेत कसं पोचणार, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही कधी स्वतःला विचारलं नाही. उत्तर असं, की थायमसमधल्या काही पेशी एका जनुकाच्या जोरावर सगळ्या शरीराची नक्कल करतात. थोडंसं इन्सुलिन, थोडंसं लाळेतलं प्रथिन, थोडंसं डोळ्यातलं आयआरबीपी. ज्या उंदरांत हे जनुक बिघडवलं त्यांना न टोचताच डोळ्याचा आजार झाला, आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की थायमसमधून फक्त एवढं एकच प्रथिन गायब झालं तरी डोळा जायला पुरतं.

मग ज्यांचं जनुक धड आहे त्यांचं काय? त्यांच्याही शाळेत थोड्या पेशी नजर चुकवून पास होतात. तुमच्यातही, माझ्यातही. एरवी त्या रक्तातून फिरत राहतात आणि डोळ्याचं दार त्यांना बंद असतं. पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशाच्या डोळ्याच्या पुढच्या भागात दुसऱ्या सशाची कातडी ठेवून पाहिली, ती तिथे आरामात टिकली. दुसरीकडे लावली असती तर शरीरानं फेकून दिली असती. डोळा म्हणजे सोवळ्यातलं देवघर. बाहेरच्यांना मज्जाव, आणि आत जे आहे ते बाहेरच्यांना कधी दिसलेलं नाही. इथे मला आप्पांचं डॉग्रीजच्या खुंटावरचं कलम आठवलं. जंगली खुंटावर भलत्याच जातीची काडी बांधतात आणि ती खुशाल वाढते. मी त्यांना विचारलं, खुंट कधी काडीला परकी म्हणून झिडकारतो का? “न्हाय गं. कवा कवा धरत न्हाय, ते येगळं. झाडाला आपलं-परकं एवढं कुठं असतंय.”

दार मग उघडतं कशानं? बाहेर कुठेतरी चिथावणी मिळालेली पेशी आत शिरू शकते. उंदरात ती चिथावणी कुपीतून येते. माणसात कुठून, यावर बेथेस्डाच्याच गटानं २०१५ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली. त्यांच्याकडे असे उंदीर आहेत ज्यांच्या टी पेशी जन्मतःच आयआरबीपीच्या त्या १६१ ते १८० तुकड्यावर टपलेल्या असतात, त्यांना काही टोचावं लागत नाही. या उंदरांना प्रतिजैविकं पाजून आतड्यातले जंतू कमी केले तर डोळ्याचा आजार सौम्य झाला. म्हणजे पेशींना पहिली फूस आतड्यात लागत होती, जिथे आयआरबीपी नावालाही नसतं. हे मी एकदाच आमच्या एका लग्नात बोलून बसले आणि पस्तावले. ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो, सगळे रोग पोटातून’ म्हणत तिघींनी मला एरंडेल सुचवलं. एका वंशाच्या, मुद्दाम घडवलेल्या उंदरातला निष्कर्ष आणि एरंडेल यांच्यामध्ये केवढं अंतर आहे हे जेवणाच्या पंगतीत सांगता येत नाही.

हीच माळ औषध म्हणून वापरता येईल का, हेही लोकांनी करून पाहिलंय. पोटातून गेलेल्या अन्नावर शरीर सहसा हल्ला करत नाही, मग दृष्टिपटलाचं प्रथिन थोडं थोडं खाऊ घातलं तर ओळख पटेल का? बाळगुटीसारखं. रॉबर्ट नुसेनब्लॅट यांच्या गटानं १९९७ मध्ये माणसांवर छोटी चाचणी केली, आशा वाटावी असं काही दिसलं, पण त्यातून औषध झालं नाही. त्याच नुसेनब्लॅट यांनी त्याआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एस-अँटिजेननं डोळे सुजवलेल्या मोठ्या उंदरांत, म्हणजे ‘रॅट’मध्ये, प्रतिकार दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध चालतं हे पाहून ते रुग्णांपर्यंत नेलं होतं. त्या उंदरांचं देणं कुठेतरी फिरत फिरत माझ्या दर रविवारच्या मेथोट्रेक्सेटपर्यंत, तसंच प्रतिकार दाबणाऱ्या गोळीपर्यंत, आलंय, असं मी समजते. हिशेब काटेकोर नसेल.

आप्पांना मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. ते एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर निवांत असतात. एक दिवस त्यांनी शांतपणे विचारलं, “पर तुलाच का?” घरातलं कुणीतरी हे विचारणार हे मला माहीत होतं, आणि माझ्या मनात तो प्रश्न जानेवारीपासून मुक्कामाला होता. धुळीनं? जागरणानं? कोविडनंतर? पेपर तपासून? लहानपणी बागेतल्या फवारणीच्या वासानं? या शेवटच्या शंकेवर आप्पाही रात्र रात्र जागले असणार, ते बोलले नाहीत तरी. मी भाच्याला विचारलं. त्याच्याकडे सगळ्यात चोख उत्तर असायला हवं होतं. त्याचे उंदीर वंशानं एकसारखे, जुळ्या भावंडांहून जुळे. वय एक, पिंजरा एक, खाणं-पाणी एक, दिवे लागायची-विझायची वेळ एक. एकाच वाटीतलं मिश्रण, एकाच दिवशी, एकाच हातानं टोचलेलं.

“मग सगळ्यांना सारखाच होत असेल.”

“नाही ना,” तो म्हणाला. त्यानं त्याच्या वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. कानाला खाच पाडून ओळखायचे उंदीर, प्रत्येकासमोर दोन आकडे, उजव्या-डाव्या डोळ्याचे. दोन आणि अडीच. एक आणि तीन. अर्धा आणि दोन. एकासमोर शून्य आणि शून्य.

“हा टोचायला विसरलास?”

“टोचलाय मावशी. मीच टोचलाय. असा एखादा निघतोच. म्हणून तर एवढे घ्यावे लागतात.”

मी ते पान बराच वेळ पाहिलं. ज्याच्याबद्दल जन्मापासून सगळं माहीत आहे, ज्याला आजार कधी, कशानं, किती दिला याची नोंद आहे, त्या उंदराच्याही दोन डोळ्यांचे आकडे जुळत नव्हते. मी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, एकाच येलीवर एक घड भुरीनं पांढरा हुतो अन् शेजारचा चकाचक, फवारणी एकच, वारं एकच. “मी कवा इचारलं न्हाय घडाला.” मग थोडं थांबून, “तू औषध घेतीस न्हवं येळेवर?”

जूनमध्ये गोळी अर्ध्यावर आली. तिरिपेत दोन-तीनच पेशी दिसतात, कधी एकही नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, स्टिरॉइडची कृपा, त्याचं पुढे बघू असं डॉक्टर म्हणतात. मी पुन्हा नववीला थायमस शिकवला. या वेळी मीच विचारलं, डोळ्यातलं प्रथिन छातीत कसं जाणार? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, फोटो पाठवत असतील. तिला पूर्ण गुण दिले.

परवा भाच्याशी बोलताना मला तो शून्यवाला आठवला. त्याचं पुढे काय झालं, मी विचारलं. सोडला असशील ना त्याला, ठीकच होता तो.

“एकविसाव्या दिवशी सगळ्यांचेच डोळे काढतो गं आम्ही, आतून बघायला,” तो म्हणाला. “त्याचे तर आधी.”